पितरांची बुचं

सावडीने एकमेकांची लावणी करायचा दिवस ठरलेला होता, तरी कोणी आलं नाही.

रोपांच्या जुड्या बांधाकडेने पाण्यात उभ्या होत्या. आदल्या दिवशी लामदुआनने त्या उपटल्या होत्या, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडला होता आणि बांबूच्या ओल्या सालीने बांधून ठेवल्या होत्या. ऊन चढलं तसे शेंडे माना टाकू लागले.

शेजारच्या खाचरांत माणसं होती. रांगेने वाकलेली, तोंडाला फडकी बांधलेली. एरवी लावणी म्हणजे टवाळीला ऊत. कोणाच्या नवऱ्याचं घोरणं, कोणाच्या सुनेचा आळस, सगळं पाण्यावरून या खाचरातून त्या खाचरात जायचं. आज चिखलातून पाय उपसल्याचा आवाज तेवढा येत होता. लामदुआन वाकली की पाठीवर नजरा येऊन बसत. ती सरळ झाली की सगळ्या टोप्या पुन्हा खाली.

तिचा नवरा बुनलुआ बांधावर पाय पसरून बसला होता. उजव्या पावलाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. चिखलणीच्या वेळी गोगलगाईच्या फुटक्या शंखाने अंगठ्याशेजारी चिरलं होतं, नखाएवढं. आता पाऊल घोट्यापर्यंत सुजून चकचकीत झालं होतं.

"येतील," तो म्हणाला. "उशीर झाला असेल."

"सगळ्यांनाच?"

"मग मी उतरतो पाण्यात."

"उतर की. पाय इथेच रोवून ठेव, पुढच्या साली दोन उगवतील."

तो हसला, पण हसताना त्याचे दात वाजले. तेवढ्या उन्हात त्याला हुडहुडी भरली होती.

त्याची आई, खामफियान, कावडीला जेवण लावून आली. गाव तिला आजी म्हणायचं. सावडीच्या माणसांना पुरेल एवढ्या चिकट भाताच्या करंड्या होत्या, कच्च्या पपईचा ठेचा होता आणि मधोमध खोल वाडग्यात तिची मुरवलेल्या माशांची चटणी. त्या चटणीसाठी माणसं तिच्या घरी सावडीला आधी नंबर लावत. तिच्या रांजणातल्या माशांत कधी अळी पडली नाही, असं सगळे सांगत.

आजीने मोकळ्या बांधाकडे पाहिलं. केळीची पानं मांडली, जेवढी माणसं यायची होती तेवढी, आणि प्रत्येक पानावर भाताची मूठ ठेवली. मग त्या रिकाम्या पंगतीसमोर ती बसून राहिली.

दुपार कलताना शेजारची चाम्पी आली. नेहमी चिखलातून आडवी येणारी बाई आज बांधाबांधाने वळसा घेऊन आली आणि लांबच उभी राहिली. तिचा भाऊ सानित लावणीच्या आधी तापाने गेला होता. तिच्या ब्लाउजला अजून काळी फीत होती.

"जेव गं," आजी म्हणाली.

चाम्पीने चटणीच्या वाडग्याकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावावा तसं फडकं वर ओढलं. "भूक नाही, आजी. लामदुआन, जरा इकडे ये."

लामदुआन गेली.

"तुझा तो फळा," चाम्पी हळू म्हणाली. "काल सुफान देवऋषीने पाहिला."

"मग?"

"तुलाच ठाऊक. तूच लावलीस ना बुचं? का तू नाहीच लावलीस? लोक म्हणतात, ती आपोआप लागली."

*

फळा लामदुआनचाच होता.

ती गावची आरोग्य स्वयंसेविका होती. आपल्या वाटणीच्या घरी जाऊन ती रक्तदाब मोजायची, डासांच्या अळ्यांसाठी रांजणं तपासायची, बाळंतिणींची खबर ठेवायची. यंदा तालुक्याच्या इस्पितळातून नोफवान नावाची प्रयोगशाळेतली बाई आली आणि तिने एक नवं काम दिलं. गावात जखमा भरत नव्हत्या. जुलाब थांबत नव्हते. दुकानातून आणायची लाल-काळी कॅप्सूल, जिला गाव 'दाह मारायचं औषध' म्हणे, ती पूर्वीसारखी लागू पडत नव्हती. तेव्हा घरोघरी डब्या द्यायच्या, शौचाचा नमुना घ्यायचा, जखम असेल तर तिचाही. कोणत्या घरातले जंतू त्या औषधाने अजून मरतात आणि कोणत्या घरातले मरत नाहीत, ते इस्पितळ सांगणार.

डब्यांवरून खूप हसणं झालं. "लामदुआन, घरचं खाऊन गावचं गोळा करतेस!" असं म्हातारे ओरडायचे. पण डब्या भरून मिळाल्या.

निकाल आले तेव्हा फळ्याची कल्पना तिला सुचली. कागद कोण वाचतो? तिने प्लायवूडवर गाव काढलं, रस्ता, तळं, बुद्धविहार, घरं. औषध चालतं त्या घरावर हिरवं बूच, चालत नाही त्यावर लाल. हिरवी बुचं दुकानात मिळाली. लाल बुचं एकाच जागी ढिगाने पडलेली असत. गावाबाहेरच्या राईत पितरांचं छोटं लाकडी घर होतं, आणि पितरांना लाल सरबत आवडतं म्हणून येणारा जाणारा तिथे बाटली उघडून ठेवायचा.

ती भर सकाळी गेली होती, तरी राईत ओलसर अंधार होता. उघड्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या. काहींतलं सरबत नुसत्या तळाशी उरलं होतं, आणि मुंग्यांनी एवढं प्यावं हे तिला पटलं नाही. राईच्या कडेला एका मोडलेल्या घराचे खांब उभे होते. जमीन नव्हती, छप्पर नव्हतं, शिडी मात्र अजून टेकलेली होती. तिच्या लहानपणी तिथे एक बाई राहायची. ती काळीजखाई आहे, माणसाच्या पोटात शिरून आतून काळीज खाते, असं देवऋषीने ठरवलं आणि गावाने तिला हाकललं. तिचं नाव काय होतं ते आता कोणी सांगत नसे. लामदुआनने घाईने ओंजळभर बुचं ओच्यात घेतली. नुसता पत्रा तो, असं ती वाटेत स्वतःला म्हणाली.

आता चावडीच्या मांडवात ती फळ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदाच तो गावाच्या डोळ्यांनी दिसला. पितरांची लाल बुचं खामफियान आजीच्या घराभोवती दाटली होती. सानितचं घर. चाम्पीचं. तळ्याकाठची ओळ. खुद्द आजीच्या, म्हणजे लामदुआनच्याही घरावर एक. जसं काही कोणी त्या घरातून निघून दारोदार जेवत गेलं होतं.

रस्त्याने परत येताना घरांच्या फाटकांवर लाल सदरे लटकत होते. काळीजखाई लाल रंगाला भिते म्हणतात. वारा नव्हता. सदरे माणसं उभी असावीत तसे सरळ लोंबत होते.

*

नोफवान आली ती बुनलुआच्या जखमेचा निकाल घेऊनच. शिडीवर बसून तिने पिशवी सोडली, पाऊल नाकाजवळ नेलं आणि जखमेवरची पिवळी पावडर चिमटीने खरवडली.

"हे काय लावलंय?"

"कॅप्सूल फोडून भुरभुरली," बुनलुआ म्हणाला. "आईने. लहानपणापासून तेच लावतो."

"दादा, हे तुझ्या जंतूंना आता पिठासारखं. आज इस्पितळात चल. सलाइनमधून दुसरं औषध द्यावं लागेल. उद्यावर टाकलंस तर पाऊल वाचणार नाही."

"लावणी अर्धी आहे."

"लावणी एका पायावर करणार?"

"माझी बायकोही हेच म्हणाली, फक्त जास्त वाईट शब्दांत," बुनलुआ म्हणाला, आणि भिंतीचा आधार घेत उठला.

गाडीत त्याला बसवल्यावर नोफवान लामदुआनबरोबर चावडीतल्या फळ्यापाशी थांबली. बुचं कुठली हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. तिने एकेक लाल बूच मोजलं.

"लाल घरांत सारखं काय आहे? दुकान एक?"

"दुकान सगळ्या गावाला एकच."

"पाणी?"

"तळ्याचं म्हणाल तर विहारात विहिरीचं पितात. तिथेही लाल लागलं. विहार तर गावाच्या दुसऱ्या टोकाला."

"आणि हे?" नोफवानने बोट ठेवलं. लाल बुचांच्या ऐन मध्ये, आजीच्या कुंपणाला लागून, एक हिरवं बूच होतं. "यांनी काय वेगळं केलं?"

ते सांगवियान मावशीचं घर होतं. लामदुआन म्हणाली, "काही नाही. त्यांचं आमचं बोलणं नाही. बदकाच्या पिल्लावरून भांडण झालं होतं, तेव्हापासून देणं-घेणं बंद."

बोलता बोलता ती थांबली. नोफवान गाडीत बसली, गाडी वळली, बुनलुआने मागून हात हलवला, आणि तिचा हात वर गेलाच नाही.

देणं-घेणं. आजी रोज सकाळी भिक्खूंच्या पात्रात भात घालायची, आणि भातावर काय ठेवायची? सानितच्या घरी, चाम्पीच्या घरी, तळ्याकाठच्या ओळीत कोणाचा वाडगा जायचा? आणि कुंपणापलीकडे काय जात नव्हतं?

*

घर खांबांवर उभं होतं. खाली सावलीत हातमाग, कोंबड्यांची खुराडी आणि त्यांच्या मागे रांजण. लामदुआनने त्यावरचं कापड सोडलं, लाकडी झाकण उचललं. खारट, गोडसर, जड वास वर आला. याच वासावर ती या घरात सून म्हणून भात खायला शिकली होती. मासे तांबूस खळीत शांत पडले होते. एक माशी नव्हती. पावसाळ्याच्या दिवसांत, उघड्या रांजणावर, एकही माशी घोंघावत नव्हती. हे तिला यापूर्वी कधी विचित्र वाटलं नव्हतं.

रांजणामागे नारळाची करवंटी होती. तिच्यात कॅप्सूलची रिकामी टरफलं, अर्धी लाल, अर्धी काळी. वाळलेल्या किड्यांच्या ढिगासारखी.

"सापडलं?" मागून आजी म्हणाली.

ती मागावर बसली होती. कधी येऊन बसली ते कळलं नव्हतं.

"आई, हे तुम्ही माशांत घालता?"

"मीठ, कोंडा आणि ते. कोणाला सांगितलं नाही. हातचा गुण म्हणतात लोक, म्हणू दे म्हटलं."

"कधीपासून?"

"बुनलुआच्या पाठच्या पोरीला जुलाब लागले आणि ती गेली तेव्हापासून. अळी पडलेले मासे खाल्ले होते तिने." आजीने धोटा या हातातून त्या हातात घेतला. "मग दुकानदाराने ते औषध दाखवलं. म्हटलं, जे पोट बरं करतं ते आधीच पोटात गेलं तर? मी औषधच वाढत होते गं सगळ्यांना. प्रत्येक वाडग्यात."

लामदुआन खाली बसली. नोफवानने शिकवलं होतं तसं ती सांगू लागली, सोप्या शब्दांत. थोडं थोडं औषध रोज पोटात गेलं की दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात. मग पोटात त्यांचंच राज्य. खऱ्या दुखण्यात औषध घ्यावं तर ते त्याला ओळखतात, हसतात.

आजीने शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे माझ्या घरातून काहीतरी निघून त्यांच्या पोटात गेलं."

"तसं नाही, आई."

"आणि आत बसून राहिलं."

लामदुआनने हात लांबवून झाकण रांजणावर परत ठेवलं. विज्ञान आणि देवऋषी एकाच शिडीने वर चढत होते. हे गावाला सांगितलं तर राईच्या कडेला आणखी एक शिडी टेकलेली राहील. नाही सांगितलं तर उद्या कोणीतरी वाडगा घेऊन येईल, आज नाही तर भीती ओसरल्यावर.

तेवढ्यात लांबून ढोलकी ऐकू आली.

*

सुफान देवऋषी पांढऱ्या कपड्यांत पुढे होता. हातात लाल कापड बांधलेलं मडकं. मागे दोन जण मासे धरायची बांबूची टोपली आडव्या काठीला बांधून चालत होते. ती टोपली काळीजखाईला हुंगते, तिच्याकडे ओढत नेते, असा समज. मागे सगळा गाव, पोरं कडेवर. उन्हात सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या.

टोपली रस्त्यात डोलली. सांगवियान मावशीच्या फाटकाशी थांबली. मावशी सूप छातीशी धरून दारात उभी होती. मग टोपली वळली आणि काठी धरलेले दोघे धावतच सुटले. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, टाचा मातीत घसरत होत्या. ते ढकलत होते की ओढले जात होते, हे लामदुआनला इतक्या जवळूनही सांगता आलं नसतं. टोपली कुंपणातून आत आली, आजीच्या समोर क्षणभर हवेत हेलकावली. आजी मागावरून उठली नाही.

मग टोपली तिच्या अंगावरून गेली आणि दाणकन रांजणावर आपटली.

ढोलकी थांबली. काठी धरलेल्यांपैकी एक जण रडू लागला. चाम्पी पुटपुटली, "रांजणात! रांजणात शिरली होती!"

सुफान आजीकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. तोही लहानपणी हीच चटणी खाऊन मोठा झाला होता. त्याने लामदुआनकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, हा वाट बघतोय, मी काय म्हणते याची.

"रांजण न्या," लामदुआन म्हणाली. "पुरून टाका. कोणी त्यातलं खाऊ नका."

सुफानने सुटकेचा श्वास सोडला. लाल कापड रांजणाच्या तोंडावर घट्ट बांधलं गेलं. तो उचलायला तरणे चार बाप्ये लागले, आणि नेताना आतून कोणी हळू पाऊल बदलावं तसा डुचमळण्याचा आवाज येत राहिला. राईत, त्या खांबांजवळ, त्यांनी तो पुरला. वर लाल सरबताच्या बाटल्या उघडून ठेवल्या. टोपली माणसांनी आजीच्या खुराड्यापाशीच टाकून दिली. तिला पुन्हा हात लावायची कोणाची तयारी नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सगळे सावडीला आले.

न बोलावता, सूर्य कोवळा असतानाच. सुकलेली रोपंही जगवू म्हणाले. चाम्पी चिखलातून आडवी आली. "लामदुआन, नवरा इस्पितळात नर्सांच्या हातचं खातोय, परत येईल का गं तो?" असं कोणी ओरडलं, आणि सगळं खाचर हसलं. इस्पितळातून निरोप आला होता. दुसऱ्या औषधाने ताप उतरू लागला, एक बोट काढावं लागलं, पाऊल राहिलं. दुपारपर्यंत शेताचा शेवटचा कोपरा हिरवा झाला.

जेवणाला आजीने मीठ-मिरची ठेवली होती. पंगत भरलेली होती. लामदुआन वाढत होती आणि मनात म्हणत होती, झालं. मासे गेले, आई राहिली. बाकीचं हळूहळू सांगू.

जेवण झाल्यावर चाम्पी पिशवीतून काहीतरी काढत आजीजवळ सरकली.

"आजी, मी नवा रांजण आणलाय. घरी ठेवलाय तुमच्या. पाऊस आहे तोवर मासे मिळतील, भरून टाका. आणि हे." तिने कागदाची पुडी आजीच्या मांडीवर ठेवली. "सानितच्या उशाखाली राहिलेल्या. लाल-काळ्या. तुम्ही काय घालता ते मला ठाऊक आहे, एकदा पाहिलं होतं मी. मीही घरी तेच घालते, पण तुमच्यासारखा गुण येत नाही. यावेळी थोड्या जास्त घाला. म्हणजे ती पुन्हा रांजणात शिरणार नाही."

पंगतीतल्या दोघी-तिघींनी मान हलवली. त्यांनाही ठाऊक असावं.

लामदुआनच्या हातातली भाताची करंडी तशीच राहिली. सासूकडे बघायची तिला हिंमत झाली नाही. आजी गप्प राहिली असती तर तिनेही तिला दोष दिला नसता. या पंगतीत ती आत्ता सुखरूप होती, आणि एक शब्द बोलली तर नव्हती.

आजीने पुडी उघडली. एक कॅप्सूल बोटांत धरून उन्हात पाहिली.

"चाम्पी, त्या रांजणात भूत नव्हतं."

"असं म्हणू नका, आजी."

"मीच होते त्यात. माझ्या हातचं हे होतं." तिचा आवाज लावणीत हाक मारावी तेवढाच होता, पण सगळ्यांनी घास थांबवले. "सून सांगेल तुम्हाला नीट. मला एवढंच कळलं, की मी इतकी वर्षं तुम्हाला हे चाटवलं, म्हणून सानितला वेळेवर ते लागलं नाही. फळा खरा आहे. बुचं बरोबर लागली आहेत."

चाम्पी उठली. उठताना तिचं पान पायाला चिकटलं आणि ती ते झाडत राहिली, सुटलं तरी झाडत राहिली. मग बांधाबांधाने, वळसा घेऊन गेली. एकेक करून बाकीचे उठले. कोणी शिवी दिली नाही. धुतलेले हात पुन्हा धूत ते गेले.

"आई," लामदुआन म्हणाली, "आता?"

"आता काय, चल. डब्या तू एकटी वाटतेस ना घरोघरी. मी येते."

घरी आल्यावर आजीने खुराड्यापाशी पडलेली ती बांबूची टोपली उचलली, झटकली आणि चाम्पीने दिलेली पुडी तिच्यात टाकली.

पहिल्या घराची शिडी वर ओढून घेतलेली होती. दुसऱ्या घरात भांड्यांचा आवाज होता, हाकेसरशी तो थांबला. सुफानच्या दारात कुत्रं बांधलेलं होतं, ते भुंकलंही नाही. प्रत्येक ठिकाणी आजी शिडीच्या पायाशी बसली. वर न बघता तिने तेच सांगितलं, कसं केलं, का केलं, काय झालं. लामदुआनने पुढचं सांगितलं, घरात उरलेल्या कॅप्सूल टोपलीत टाका म्हणाली. घराने ऐकलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. फाटकावरचे लाल सदरे अजून लटकत होते.

सानितच्या घराशी त्या सर्वांत शेवटी आल्या. आता तिथे चाम्पी दिवा लावायला यायची. दार बंद होतं. आजीने सांगून संपवलं. गुडघ्यांवर हात टेकून ती उठत होती, तेवढ्यात दाराची फट रुंद झाली आणि एक हात बाहेर आला. नुसता हात, कोपरापर्यंत. तळव्यात भरून कॅप्सूल होत्या. हात टोपलीवर उघडला, मिटला आणि आत गेला.

परतताना मागच्या घरांतूनही तसंच झालं. बाजूला सरकलेल्या फळ्यांतून, खिडकीच्या झडपेखालून हात येत होते, तोंडं दिसत नव्हती. काही हात येत नव्हते. टोपलीत बियांसारखी खुळखुळ वाढत गेली. कुंपणापाशी सांगवियान मावशी उभी होती. तिच्या घरात द्यायला काही नव्हतं. तरी तिने फाटक उघडून धरलं.

"जड झाली का, आई? द्या इकडे," लामदुआन म्हणाली.

आजीने टोपली सोडली नाही. तिचा हात खांद्यापासून ताणला गेला होता, आणि टोपली तिला ओढत ओढत घराकडे घेऊन चालली होती.